आईच्या मापाचे

१

शनिवारी चष्म्याचं दुकान अर्धाच दिवस उघडं असे. दुपारचं जेवण उरकलं, बाबा आरामखुर्चीत लवंडले, की बेबी आईचा एखादा ड्रेस पिशवीत घालून टेलरबाईंकडे निघायची. पन्नाशी उलटली होती, लोकांचे डोळे तपासता तपासता तिच्या स्वतःच्या नाकावर जाड भिंगं आली होती, तरी घरात आणि गल्लीत ती बेबीच. लग्नाचं जमलं नाही ते नाहीच. बरीच वर्षं ती दुकानाजवळच्या एका खोलीत राहिली. गेल्या वर्षी बाबा न्हाणीघरात घसरून पडले आणि फोनवरून काळजी करण्याचं काम धाकट्या भावाने स्वतःकडे घेतलं, तेव्हा ती सामान उचलून जुन्या घरी परत आली.

घर तेच होतं. दुसरा मजला, लांबट बोळ, बोळाच्या टोकाला मागची खोली आणि तिच्यात आईचं कपाट. आईला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. गेली तेव्हा ती बेबीच्या आत्ताच्या वयापेक्षा लहान होती. एका मोठ्या हॉटेलात ती स्वागताच्या टेबलामागे उभी असे; दिवसभर उभी, पण पाठ अशी ताठ की जणू आत कोणी पट्टी घातली आहे. कॉलरचे, घेराचे, कमरेला पट्टा असलेले तिचे ड्रेस तिच्या अंगावर ओतल्यासारखे बसत. बेबी काडीसारखी. तिने जन्मभर जे मिळेल ते अंगात अडकवलं होतं, आणि आता उतारवयात तिला एकाएकी वाटलं, आपणही एकदा नीट बसणारं काहीतरी घालावं.

कपाटाची किल्ली मागितली तेव्हा बाबांनी ती काढून दिली. मग म्हणाले, "सगळे नको नेऊस. दोन-तीन ने." म्हाताऱ्याचा जीव अडकला असेल, असं बेबीला वाटलं.

टेलरबाईंचं दुकान म्हणजे लहानपणीच्या मास्टरांचंच दुकान. मास्टर गेले, सून गादीवर बसली. वाफेच्या इस्त्रीचा तो ओलसर उबदार वास तसाच होता, पडद्यामागचा उभा आरसाही तसाच. लहानपणी आई पडद्याआड ट्रायल घेत असे आणि बेबी बाहेर चिंध्यांच्या ढिगावर बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करत असे. पडद्याखालून फक्त आईची पावलं दिसायची. तेवढी दिसली तरी पुरायची.

टेलरबाई बोलक्या होत्या. हिरवा ड्रेस त्यांनी टेबलावर उलटा पसरला, शिवणींवरून बोट फिरवलं आणि बोलणं मध्येच थांबवलं.

"आई पोक काढून चालायच्या का हो, ताई?"

बेबी हसली. पोक आणि आई!

"नाही, मागच्या गळ्याशी चिमटे घातलेत, कापड आत मुडपून शिवलंय," टेलरबाई म्हणाल्या. "पुढून कमरेत दुमड घेतलीय, मागची दुमड पार सोडलीय. ताठ माणसाने घातला तर हा पुढून तोकडा आणि मागून लोंबता दिसेल. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका येतात ना, त्यांचे असे करून देतो आम्ही."

आईनंतर हे कोणी घातलेले नाहीत, असं बेबीने सांगितलं. मग टेलरबाईंनी खांदे उडवले. वर्षानुवर्षं हँगरला लटकून कापड ओघळतं, तसं काही असेल म्हणाल्या. बेबीलाही ते पटलं. त्यांनी बेबीच्या अंगावर टाचण्या लावल्या, खडूच्या रेघा मारल्या, आणि पुढच्या शनिवारी न्यायला सांगितलं.

२

पण कापड ओघळलं तर चिमटे कोण घालतं? हा प्रश्न बेबीच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना आला आणि मग जाईना.

बाबा पेपर वाचत होते. तिने कपाट उघडलं आणि सगळे ड्रेस पलंगावर मांडले. खोलीला उत्तरेची एकच खिडकी, उजेड दिवसभर सारखाच, थंड आणि पांढरा. ड्रेसना अजून आईच्या पावडरीचा वास होता. एकेक हातात घेताना बेबीचं मन कुठच्या कुठे गेलं. हा निळ्या चौकटींचा, शाळेच्या बक्षीस समारंभाचा. ही मरून कॉलर, भाऊ तापाने फणफणला तेव्हा रात्रभर आईच्या अंगावर होती. ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. मग भानावर येऊन तिने ते एकेक करून उलटे केले.

काही ड्रेसना कोणीच हात लावला नव्हता. काहींना मानेशी अगदी बारीक चिमटा होता. काहींना मोठा. शेवटच्या दोन-तीन ड्रेसचे खांदेही आत घेतलेले होते, आणि पुढची दुमड चांगली चार बोटं. एकापुढे एक ठेवले तेव्हा ते रांगेने वाकत गेल्यासारखे दिसले.

टाकेही तसेच. आधीचे बारीक आणि सरळ रेषेत. नंतरचे लांब, वाकडे, एकमेकांवर चढलेले. करड्या कापडावर गुलाबी दोरा. काळ्यावर गडद निळा. हे बेबीला कोणी समजावून सांगायला नको होतं. रोज दुकानात खुर्चीवर येऊन बसणारे म्हातारे असंच करत. मोतीबिंदू पिकत चालला की रंग एकमेकांत मिसळतात आणि माणूस बिनधास्त सांगतो, हा काळाच आहे.

म्हणजे बाबा. दुसरं कोण? एकटे राहात होते इतकी वर्षं, बायकोच्या आठवणीने काढून बसत असतील, काहीतरी करत असतील. संध्याकाळी तिने सहज म्हणून त्यांच्या हातात सुई-दोरा दिला आणि शर्टाचं बटण लावायला सांगितलं. बाबांनी सुई उजेडात धरली. हात असा थरथरत होता की दोरा सुईच्या आसपासही फिरकेना.

"बाबा, आईच्या ड्रेसना कोणी हात लावला होता का हो?"

"तिच्या ड्रेसना?" बाबा सुईकडे बघत म्हणाले. "दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला चालत नाही."

चालत नाही. चालत नव्हता, असं नाही म्हणाले. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या एका क्रियापदावर काय घर बांधायचं, असं मनाशी म्हणत बेबी स्वयंपाकघरात गेली.

३

हिरवा ड्रेस झाला आणि तो घालून ती चष्म्याच्या दुकानात गेली. मालकांनी चष्मा वर करून पुन्हा बघितलं. नेहमीच्या एका आजीबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, की पूर्वी स्टेशनजवळच्या हॉटेलात एक बाई असायच्या, अगदी तुमच्यासारख्या. बेबीला दिवसभर जमिनीपासून वीतभर वर चालल्यासारखं वाटलं. परतताना ती काचेच्या दारांत स्वतःला बघत आली. पाठ आपोआप ताठ होत होती.

तिच्या स्वतःच्या कपाटात जागा नव्हती, म्हणून धुऊन वाळलेला ड्रेस तिने आईच्याच कपाटात लावला आणि कुलूप घातलं.

पुढच्या शनिवारी सकाळी घातला तर मागून घोळदार, पुढून गुडघे उघडे, आणि मानेशी काहीतरी टोचत होतं. तिने आरशाकडे पाठ करून मान वळवली. पाठीवर कापड फुगून राहिलं होतं, आत कोणाची तरी पाठ असायला हवी होती अशी जागा धरून. टोचत होती ती दोऱ्याची गाठ. हिरव्यावर निळा दोरा.

टेलरबाई चिडल्या. दुसरीकडे दाखवायचं होतं तर आधीच सांगायचं, माझी टीप कशाला उसवलीत, असं म्हणाल्या. बेबीने काय सांगावं? घरात कोणीतरी खेळ केला, असं काहीतरी बोलून तिने वेळ मारून नेली. टेलरबाईंनी तो पुन्हा नीट करून दिला. बेबीने किल्ली तेव्हापासून स्वतःच्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली, आणि पर्स उशाशी.

ड्रेस पुन्हा उसवला गेला. या वेळी टाके जास्तच वाकडे होते, घाईघाईने किंवा दुखऱ्या बोटांनी घातल्यासारखे. एके ठिकाणी कापडावर तपकिरी ठिपका होता, सुई बोटात गेली की पडतो तसा.

त्या ठिपक्यावर बेबीने नकळत बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

४

मग तिला सर्दी झाली. दुकानात खोकत बसण्यापेक्षा घरी झोपा, असं मालकांनीच सांगितलं. दुपारी औषध घेऊन ती पुढच्या खोलीत दिवाणावर पडली. समोर आरामखुर्चीत बाबा झोपले होते; तोंड किंचित उघडं, पेपर पोटावर. खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी फाटक लोटलं. नळ ठिबकत होता. अंगात बारीक कणकण होती आणि बेबीला विलक्षण बरं वाटत होतं.

बरं का वाटतंय, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. आजारी पडून शाळा बुडवली की अशीच दुपार असायची. आपण पांघरुणात, आणि मागच्या खोलीतून आईचे आवाज. टीप उसवताना बारीक टर्र, थोडं थांबून पुन्हा टर्र. मग बराच वेळ काही नाही. मग दोरा दातांनी तोडल्याचा आवाज, टक्. आई कात्री हाताशी असली तरी दोरा दातांनीच तोडायची. मास्टर त्यावरून तिला चिडवायचे. बेबी डोळे मिटून ऐकत राहिली. टर्र. टर्र. मध्येच एक हलका सुस्कारा, कंबर दुखत असलेल्या माणसाचा. टक्.

आपण हे आठवत नाही आहोत, ऐकतो आहोत, हे कळलं तेव्हा तिची सर्दी, ताप, सगळं एका क्षणात अंगातून उतरलं.

ती उठली नाही. उठायला हवं हे कळत होतं. बाबा समोर होते, झोपेत होते, त्यांचं पोट वर-खाली होत होतं. पर्स उशाशी होती. तिने आत हात घातला. किल्ली होती.

आवाज थांबले. त्यानंतर पुष्कळ वेळाने ती भिंतीला धरत बोळातून गेली. मागच्या खोलीत कोणी नव्हतं. कपाटाला कुलूप होतं. पलंगाच्या कडेला चादर बसून दबल्यासारखी दिसत होती, पण चादरी काय, कशाही दिसतात. त्या दबलेल्या जागेजवळ दोऱ्याचे तुकडे पडले होते. बेबीने एक उचलला. निळा. त्याचं एक टोक ओलं होतं.

५

बाबांशी ती त्याच संध्याकाळी बोलली. दिवा लावला, चहा त्यांच्या पुढ्यात ठेवला, आणि दोऱ्याचा तुकडा टेबलावर.

बाबांनी तो हातातही घेतला नाही.

"तू लहान करून आणतेस," ते म्हणाले, "तिला पुन्हा उसवत बसावं लागतं. दिसत नाही आता तिला. बोटंही दुखतात."

"बाबा, आई गेली."

"मला सांगतेस?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी होतो की शेजारी."

"मग?"

बाबांनी कप उचलला, न पिताच बशीवर परत ठेवला. बेबीला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील आणि सगळ्याचा उलगडा होईल. किंवा निदान ते रडतील, म्हणजे डॉक्टरांकडे न्यायला कारण मिळेल. बाबा एवढंच म्हणाले, "दोन-तीन ने म्हटलं होतं मी. तुला ती काही नाही म्हणणार होती का? पण तो हिरवा तिचा आवडता आहे."

रात्रभर बेबीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. भावाला फोन करावा, घर बदलावं, कपाटच्या कपाट भंगारवाल्याला द्यावं, असं सगळं मनात येऊन गेलं. आणि या सगळ्याच्या मधून सारखी ती बोटं डोळ्यांसमोर येत होती, जी तिने पाहिली नव्हती. निळा दोरा हिरवा समजून अंदाजाने सुईत ओवणारी. तिला भीती वाटत होती, आणि भीतीच्या तळाशी लाज वाटत होती, की आपण त्या बोटांना काम लावलं.

शनिवारी तिने हिरवा ड्रेस टेलरबाईंकडे नेला. पोक आलेल्या बाईच्या मापाने नीट करून द्या, म्हणाली. टाके बारीक, दोरा रंगाला जुळणारा, मानेशी मऊ अस्तर.

"माणूस आणा ना, ताई. मापाशिवाय कसं करू?"

त्यांना बाहेर पडवत नाही, असं बेबीने सांगितलं. आहेत त्या टाक्यांवरूनच माप घ्या. टेलरबाईंनी टेप लावली. मागची चेन गंजली आहे, हुक घालते म्हणाल्या. खरं तर अशा बायकांना उघडझाप पुढूनच सोयीची, मागे हात पोचत नाहीत. बेबीने घरी विचारून बघते म्हटलं. बाबांनी मान हलवली. "मागेच राहू दे. मी लावतो की."

ड्रेस आला. कपाटात लागला. महिना गेला, दोन गेले, आणि त्याला कोणी सुई लावली नाही. दुपारचे आवाज बंद झाले. बेबीने पुन्हा स्वतःचे ढगळ कपडे घालायला सुरुवात केली आणि एकेका शनिवारी आईचा एकेक ड्रेस त्या नव्या मापाचा करून आणला. बाबांची तब्येत सुधारल्यासारखी वाटत होती. कधी ती दुकानातून आली की ते बोळातून हळूहळू पुढे येत, चेहऱ्यावर काहीतरी काम उरकल्याचं समाधान. ती विचारत नसे. मागच्या खोलीत ती झाडू मारायलाही बाबा जागे असतानाच जाई.

६

थंडीत बाबांची छाती भरली. भाऊ आला, धावपळ केली. त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेताना बाबांनी बेबीची बाही धरली. तोंडावर मास्क होता. तो बाजूला करून ते म्हणाले, "मागचे लावत जा."

तिला वाटलं, मागच्या खोलीतले दिवे. संध्याकाळी ते लावून ठेवायची त्यांची सवय होती. "लावीन," ती म्हणाली.

दिवसा भाऊ दवाखान्यात बसे, रात्री बेबी. दुपारी ती अंघोळीला आणि दोन घास खायला घरी येई. तिसऱ्या की चौथ्या दुपारी ती ओले केस पुसत बोळात आली आणि थबकली.

मागच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. आतून कापडाची सळसळ येत होती. धातूवर धातू घासल्याचा अगदी बारीक आवाज, मग निसटल्याचा. पुन्हा घासल्याचा, पुन्हा निसटल्याचा. मध्ये श्वास, दमलेला, नाकातून येणारा. मग काही वेळ शांतता, हात खाली घेऊन विसावा घेतल्यासारखी. आणि पुन्हा तेच.

बेबीच्या हातात टॉवेल होता. जिन्याचं दार तिच्या मागे चार पावलांवर होतं. शेजारी रेडिओ चालू होता, कोणीतरी हवामान सांगत होतं. तिने तिथून निघून जायला हवं होतं, आणि ती जाणारच होती. पण आतला आवाज पुन्हा निसटला, आणि त्या पाठोपाठ एक कण्हणं आलं, एवढंसं, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून दाबलेलं. मागचे लावत जा, असं बाबा म्हणाले होते. दिव्यांचं बोलत नव्हते ते.

तिने दार ढकललं.

खिडकीकडे तोंड करून कोणीतरी उभं होतं. हिरवा ड्रेस. पाठ कमानीसारखी वळलेली, आणि तिच्यावर कापड एकही सुरकुती न पडता बसलेलं. इतकं सुरेख फिटिंग, की भीतीच्या त्या क्षणीही बेबीच्या मनात आलं, टेलरबाईंनी हे बघायला हवं होतं. मागची उघडी फट मानेपासून कमरेपर्यंत गेली होती. दोन हात मागे वळून वरच्या हुकाशी झटत होते. बेबीने हातांकडे बघितलं नाही. मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं नाही. ती हुकांकडे बघत पुढे गेली.

पावडरीचा वास आला. ते हात थांबले आणि खाली गेले.

तिने खालून सुरुवात केली. हुक आकड्यात गेला की हलकासा आवाज होत होता. कापडाखाली ऊब नव्हती, गारवाही नव्हता. पाठ श्वासाबरोबर थोडी उचलत होती. बेबीची बोटं थरथरत होती, बाबांची थरथरत तशी, पण काम होत होतं. कमर झाली. पाठीचा उंचवटा झाला. मानेशी आल्यावर तिला रडू यायला लागलं आणि तिने ते येऊ दिलं. लहानपणी ती मागून आईला मिठी मारायची तेव्हा तिचं डोकं आईच्या कमरेशी यायचं. आता ही मान तिच्या छातीएवढी खाली आली होती.

वरचा हुक हातात असताना पाठ हलली. हळूहळू, पावलं न उचलता, म्हातारी माणसं वळतात तशी ती बेबीकडे वळू लागली.

बेबीने डोळे मिटायचं ठरवलं होतं. पण तिचे डोळे मिटले नाहीत. जन्मभर ती समोरच्याच्या डोळ्यांत बघत आली होती, आणि आताही तिला आधी दिसले ते डोळेच. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय आली होती. त्यांच्याभोवतीचा चेहरा तिने कधीच पाहिला नव्हता, आणि तरी त्यातली हनुवटी, भुवयांची ती कमान... ते डोळे बेबीच्या चेहऱ्यावरून फिरले. तिच्या पिकल्या केसांवर थांबले. जाड चष्म्यावर थांबले. शोधत राहिले, आणि त्यांना काही सापडलं नाही.

"माफ करा," हॉटेलात येणाऱ्या परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हातारी म्हणाली. "तुम्ही कोण?"

बेबीचे ओठ हलले.

"हुक लावायला आलेय," ती म्हणाली.

म्हातारीने समजल्यासारखी मान डोलावली, आणि पाठ पुन्हा तिच्याकडे केली.